कोल्हापुरातली हॉटेलं, खानावळी आणि सामाजिक संस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न हॉटेलमालकांचे आहेत, खानावळ चालवणाऱ्या मावश्यांचे आहेत, संस्थांच्या व्यवस्थापकांचे आहेत आणि बिल देता देता "तुम्ही कुणाला काय देता काय हो?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांचेही आहेत. उत्तरं हॉटेलं आणि संस्था अशा दोन्हीकडं ये-जा करणाऱ्या स्वयंसेवकांची. काही ठिकाणी आमचं मत स्पष्ट आहे, ते लपवलेलं नाही.

हॉटेल म्हणजे धंदा. त्यात समाजसेवा कशाला आणायची?

हा प्रश्न निदान कोल्हापुरात तरी पडू नये. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला गाव धजेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. आता यात महाराजांनी काय केलं बघा. नुसतं भांडवल देऊन ते मोकळे झाले नाहीत, गिऱ्हाईक झाले. हॉटेल चाललं तर माणूस उभा राहील, हा त्यातला हिशेब होता. १९०१ पासून या गावात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, बाहेरगावची पोरं शिकायला आली, त्यांच्या जेवणाची सोय कुणीतरी करत आलं. पेठांमधल्या जुन्या खानावळी त्याच गिऱ्हाइकावर जगल्या. गावानं धंदा दिला, धंद्यानं गावाला काही परत द्यावं, इतकं साधं आहे.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत भाविकांसाठी अन्नछत्र लागतं आणि मेकॅनिक मंडळी वाटेत फुकट पंक्चर काढून देतात. ज्याच्या हाताला जे काम येतं, तेच तो देतो. हॉटेलवाल्याच्या हाताला स्वयंपाक येतो.

आमच्याकडे रात्री अन्न उरतं. ते संस्थेला दिलं की झालं ना?

नाही झालं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त घोळही इथंच होतो, म्हणून जरा सविस्तर.

ताटातलं उरलेलं ते उष्टं. त्याची चर्चाच नको. पातेल्यात राहिलेलं, वाढप न झालेलं अन्न देता येतं, पण ते कुठलं, किती वाजता आणि कुणी न्यायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. रात्री साडेअकराला गल्ला मिटवताना आठवण होते, "अरे, भात बराच हाय की, त्या आश्रमाला फोन लाव." पलीकडे वृद्धाश्रमातली माणसं आठला जेवून साडेनऊला झोपलेली असतात. तो भात ठेवायचा कुठं, हा प्रश्न मग तिथल्या एकट्या मावशींच्या गळ्यात. नाही म्हणावं तर देणारा दुखावतो, घ्यावा तर सकाळपर्यंत भात आंबतो. अशा वेळी तो भात टाकून द्यायचं पापही त्यांच्याच माथी येतं.

त्यात कोल्हापुरी पदार्थांची स्वतःची अडचण आहे. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, ते लवकर विटतं. मटणाचा अळणी रस्सा बाहेर राहिला की गेला. मिसळीचा कट टिकतो, पण औषधं चालू असलेल्या सत्तरीतल्या आजोबांना तो कट द्यायचा का, याचा विचार देणाऱ्यानं करायला हवा. भाकरी, चपाती, साधं वरण, सुकी उसळ, शेंगदाण्याची चटणी या गोष्टी बिनघोर देण्यासारख्या.

आमचं म्हणणं असं : उरेल ते देऊ, ही भूमिका सोडा. आठवड्यातला एक वार धरा आणि त्या दिवशी संस्थेसाठी म्हणून वेगळं पातेलं चढवा. वीस माणसांचंच करा, पण ठरवून करा. वार ठरला की संस्था त्या दिवशी आपली चूल बंद ठेवू शकते, आणि तिची खरी बचत तिथंच होते. अवचित आलेल्या अन्नानं काहीच वाचत नाही, कारण त्यांचा स्वयंपाक झालेला असतो.

मग उरलेलं अन्न द्यायचंच नाही का? कायदा काय म्हणतो?

द्यायला कायद्याची आडकाठी नाही, उलट नियम केलेले आहेत. अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्याबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यातला व्यवहारात लागणारा भाग असा की अन्न खाण्याजोगं असताना वेगळं काढायचं, स्वच्छ झाकणबंद भांड्यात भरायचं, आणि पदार्थ कुठला, कुणाकडचा, कधी केलेला, कधीपर्यंत खायचा, शाकाहारी की मांसाहारी, हे त्यावर लिहायचं. देण्याघेण्याची नोंद दोघांनीही ठेवायची. एक साधी वही पुरते.

भटारखान्यात पाळायचा आकडा : गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न आम्ही उचलत नाही. मालक कितीही ओळखीचे असोत.

सीपीआरच्या दारात नातेवाइकांना जेवण वाटायचं आहे. चालेल का?

चालेल, आणि गरजही आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात राधानगरी, गगनबावडा, चंदगडपासून पेशंट येतात, तळकोकणातून आणि सीमाभागातूनही येतात. पेशंटला आतून जेवण मिळतं. सोबतचं माणूस बाहेर चहा-बिस्किटावर दिवस काढतं.

पण तिथं उभं राहून बघितलं की काही गोष्टी कळतात. जेवण घ्यायला आलेली बाई एक डबा पुढं करते, आणि लगेच दुसरा काढते. दुसरा वॉर्डात बसलेल्या सासूसाठी असतो, तिला पेशंटला सोडून येता येत नाही. "एका माणसाला एकच" असा नियम लावणारा वाढपी इथं चुकतो. मग ती म्हणते, "दादा, रस्सा नको, भाकरीच जादा द्या. रश्शानं हात भरत्यात, वरती नळाला गर्दी असती." द्रोण-पत्रावळीपेक्षा कागदात गुंडाळलेली भाकरी आणि कोरडी भाजी जास्त उपयोगाची, हे आम्हाला अशाच बायकांनी शिकवलं.

आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तिथं आधीपासून कुठल्या वारी कोण वाटप करतं ते समजेल. गुरुवारी आणि शनिवारी देणारे भरपूर असतात, देवाचे वार ना! मंगळवार-बुधवार रिकामे सापडण्याची शक्यता जास्त.

अन्नाऐवजी पैसे द्यायचे असतील तर? 'मिसळीमागे एक रुपया' अशी योजना करता येईल?

करता येईल आणि ही योजना आम्हाला आवडते, कारण ती मोजता येते. समजा दिवसाला २०० मिसळी गेल्या, महिन्यात २६ दिवस दुकान उघडं राहिलं, तर ५,२०० रुपये होतात. एका छोट्या संस्थेचं महिन्याचं गॅसचं बिल त्यातून निघू शकतं.

फक्त तो रुपया मालकाच्या नफ्यातला असावा. गिऱ्हाइकाच्या बिलात आपोआप चिकटवू नका. सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही आणि दुसऱ्या कुठल्या नावानंही उकळायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. 'मदतनिधी' असं गोड नाव दिलं तरी गिऱ्हाईक विचारणारच, आणि कोल्हापूरचं गिऱ्हाईक हळू आवाजात विचारत नाही.

काउंटरवर डबा ठेवायचा असेल तर तो नोंदणीकृत संस्थेचा, तिच्या नावाचा, तिच्या कुलपाचा असावा. उघडताना दोघांची माणसं हजर हवीत. स्वतःच लोकांकडून वर्गणी गोळा करायची झाली तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीत तालमी आणि मंडळं हा परवाना काढतात, त्यामुळं गल्लीतल्या एखाद्या कार्यकर्त्याला अर्ज कसा करायचा ते पाठ असतं. त्यालाच विचारा.

देणगीवर करसवलत मिळते का?

संस्थेकडे ८०जी ही आयकराची मान्यता असेल तर बहुतेक वेळा देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन. नव्या करप्रणालीत गेलेल्या मालकाला ही वजावट नाही. आणि दिलेल्या जेवणाची, तांदळाच्या पोत्याची, तेलाच्या डब्याची वजावट नसते, ती फक्त पैशाच्या देणगीला. बाकीचं आपल्या सीएंकडून समजून घ्या.

आम्हाला सीएसआर लागू होतो का?

नाही. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्यावर करायचा खर्च. कंपनी कायद्यात त्यासाठी ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यापैकी एक तरी लागतं. तांबडा-पांढरा विकून तिथवर पोचलात तर आधी आम्हाला जेवायला बोलवा.

शिवभोजन केंद्र चालवलं तर ते समाजकार्यात धरायचं का?

२६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही सरकारी योजना आहे. दोन चपात्या, भाजी, वरण, भात असं ताट गिऱ्हाइकाला दहा रुपयांत मिळावं आणि वरचे पैसे सरकारनं केंद्रचालकाला द्यावेत, अशी ती आखली गेली. म्हणजे अनुदानावरचा धंदाच. प्रामाणिकपणे चालवला तर चांगला धंदा. पण फलकावर 'आमचे समाजकार्य' म्हणून लिहू नका.

गरजू विद्यार्थ्यांना मदत करायची आहे. कशी करावी?

मेसची कुपनं द्या. गावाकडून येऊन अभ्यासिकेत बसणारी, स्पर्धा परीक्षा देणारी पोरं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक वेळचं जेवण बंद करतात. घरी सांगत नाहीत, मित्रांना सांगत नाहीत. "भूक न्हाई आज" एवढंच.

इथं सगळा खेळ कुपनच्या रंगाचा आहे. फुकटचं कुपन वेगळ्या रंगाचं छापलं तर पोरगं येणार नाही, उपाशी राहील. विकतच्याच पुस्तकातली कुपनं कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या एखाद्या भरवशाच्या शिक्षकांकडं द्यायची, त्यांनी ती पोचवायची. काउंटरवरच्या माणसाला कुणाचं कुपन कुठून आलं हे कळता कामा नये. एका खानावळीच्या मावशींनी तर मालक असून यादी बघायला नकार दिला. म्हणाल्या, "मला ठावं झालं तर माझा हात त्याला वाढताना जादा सैल सुटंल, आन् त्याच्या ध्यानात येईल." यापेक्षा चांगली नियमावली आम्हाला लिहिता आली नसती.

महापुरात काय करायचं? तेव्हा तर सगळेच मदत करतात.

करतात, आणि पहिल्या दोन दिवसांत पुरीभाजीचा दुसरा पूर येतो. म्हणूनच याचं नियोजन कोरड्या दिवसांत करायला हवं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आंबेवाडी, चिखलीसारख्या गावांची बेटं झाली, शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींचं पाणी चढलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. खुद्द शहराचंही बेटच झालं म्हणा. दूध, भाजी, पेट्रोल, सगळ्याची टंचाई, आणि पंपिंग स्टेशन पाण्याखाली गेल्यानं नळ कोरडे. बाहेर पाणीच पाणी आणि हॉटेलात भांडी विसळायला थेंब नाही, अशी अवस्था.

यातून हॉटेलवाल्यांनी घ्यायचे धडे असे. पुराचे दिवस आषाढ-श्रावणातले. श्रावणात मटणाच्या खानावळी निम्म्यानं थंड असतात. शेगड्या रिकाम्या, आचारी बसून. २०१९ चा पूर ऐन श्रावणाच्या सुरुवातीला आला होता. म्हणजे ज्या काळात गरज सगळ्यात मोठी, त्याच काळात आपली ताकद मोकळी असते. ही गोष्ट मे महिन्यातच आचाऱ्यांशी बोलून ठेवा : पाणी ३९ फुटांवर गेलं की कोण येणार, किती सिलिंडर भरलेले ठेवायचे, पिण्याच्या पाण्याचा टँकर कुठून मिळेल. आपलं हॉटेलच पूररेषेत असेल, तर आपली भांडी आणि माणसं घेऊन उंचावरच्या कुठल्या मित्राच्या भटारखान्यात जायचं, हेही.

दुसरं, छावणीला विचारून स्वयंपाक करा. शाळेच्या वर्गात चाळीस माणसं आहेत असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं चाळीस ताटं येतात. प्रत्यक्षात त्यात सहा महिन्यांचं बाळ असतं, बाळंतीण असते, साखरेचा आजार असलेले आजोबा असतात. तिसऱ्या दिवशी तळलेली पुरी बघून म्हाताऱ्यांना कसंतरी व्हायला लागतं. ज्वारीची भाकरी, मऊ भात, गरम दूध कुणी आणलं तर अख्खा वर्ग उठून बसतो.

तिसरं, आणि हे कुणी करत नाही : पाणी ओसरल्यावर या. टीव्हीचे कॅमेरे गेलेले, टेम्पो थांबलेले, आणि माणसं घरी परतलेली. घरात गुडघाभर चिखल, चूल विरघळलेली, भिजलेल्या धान्याला कोंब. ते आठ-दहा दिवस घर धुणाऱ्या माणसाला दुपारचं आयतं जेवण मिळणं याची किंमत छावणीतल्या जेवणापेक्षा कमी नाही. आम्हाला विचाराल तर एका हॉटेलनं एक गल्ली धरावी, आणि चुली पेटेपर्यंत सोडू नये.

देणगी न देताही मदत होऊ शकते का?

होते, आणि बऱ्याचदा जास्त टिकाऊ होते. ऑर्डर द्या. उन्हाळ्यात बचत गटाच्या बायका डंकावर चटणी कुटून आणतात. आपलं कांदा-लसूण मसाल्याचं वर्षाचं काही टक्के काम त्यांच्याकडं वळवा. एफएसएसएआय नोंदणी नसेल तर ती काढायला मदत करा. तुमच्याकडं कागदपत्रांची सवय आहे, त्यांच्याकडं नाही.

नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'नं कुडाळ तालुक्यात अपंगांच्या हातांना काम म्हणून काजूप्रक्रिया उभी केली होती. पांढऱ्या रश्शाच्या वाटणात काजू पडतोच की. काजू कुठलाही घ्यायचाच आहे, तर अशा ठिकाणचा का नको, असं आमचं साधं म्हणणं. 'चेतना अपंगमती विकास संस्थे'सारख्या ठिकाणी मुलांना वस्तू बनवायला शिकवतात. दिवाळीत कर्मचाऱ्यांना द्यायची भेट तिथून घेता येते का, हे पाहा.

पण दरात घासाघीस करायची तर बाजारात करतो तेवढीच करा, आणि माल खराब आला तर खराब म्हणून परत पाठवा. दया म्हणून वाईट चटणी वर्षभर घेत राहणारा मालक एक दिवस गुपचूप ऑर्डर बंद करतो. त्यात गटाचं नुकसान जास्त.

फोटो आणि फ्लेक्स?

या गावात वाढदिवसाला चौक झाकला जातो, तेव्हा फ्लेक्स लावूच नका असं म्हणून कोण ऐकणार. लावा. त्यावर संस्थेचं नाव आपल्या नावाएवढंच मोठं असू द्या आणि खाली संस्थेचा देणगीचा क्यूआर कोड टाका, म्हणजे फ्लेक्सचाही काही उपयोग.

घेणाऱ्यांचे चेहरे मात्र नकोत. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करणं बाल न्याय कायद्यानं, २०१५ च्या, गुन्हा आहे. ताटांचा फोटो काढा. आचाऱ्याचा काढा, त्याचा कोण काढतं नाहीतर?

आमचे कामगार कुरकुर करतात. जादा काम पडतं म्हणतात.

बरोबर म्हणतात. मालकाचं पुण्य आणि वाढप्याची दोन तास जादा भांडी, हा सौदा टिकत नाही. संस्थेच्या दिवशीच्या कामाचे पैसे द्या किंवा त्या बदल्यात सुट्टी द्या. आपल्याच भटारखान्यातल्या पोराची फी थकलेली असताना बाहेर वह्या वाटणाऱ्या मालकांबद्दल त्यांचीच पोरं काय बोलतात, ते एकदा मोरीपाशी उभं राहून ऐका.

गिऱ्हाईक म्हणून मी काय करू शकतो?

अशा हॉटेलात जेवायला जा. आवडलं तर परत जा. आणि वाढदिवसाचं जेवण संस्थेत द्यायचं असेल तर केक-फुगे घेऊन स्वतः जाण्याऐवजी संस्थेला कुठला दिवस रिकामा आहे ते विचारून हॉटेलमार्फत पाठवा. मुलांना दर रविवारी अनोळखी माणसांसाठी टाळ्या वाजवाव्या लागतात.

आम्ही संस्थेचे. हॉटेलमालकाकडं कसं जायचं?

दुपारी एकला जाऊ नका. चार ते साडेपाच ही वेळ बरी, तेव्हा मालक स्वतः चहा पीत असतो. फाइल, अहवाल, सन्मानचिन्हांचे फोटो नंतर. आधी एका कागदावर लिहून न्या : माणसं किती, त्यात तिखट न चालणारी किती, कुठला वार रिकामा, जेवणाची वेळ काय, डबे परत कोण आणणार. डब्यांचं विसरू नका. चांगले जमलेले दोन-तीन उपक्रम अन्नावरून नाही, परत न आलेल्या स्टीलच्या डब्यांवरून मोडलेले आम्हाला माहीत आहेत. डब्यांवर हॉटेलचं नाव कोरून घ्या आणि वहीत आकडा लिहून सही घ्या, दोन्ही वेळा.